एका हाताने नेसायचं लुगडं

वर्षभर माझ्या आत्याला सगळ्यांनी सगळं विचारलं. गोळ्या वेळेवर घेतेस का, झोप लागते का, हात कुठपर्यंत वर जातो. तुला नेसायला काय हवंय, हे एकाने विचारलं नाही. डॉक्टरांनी नाही, नातेवाइकांनी नाही, आणि बायांच्या हक्कांवर पत्रकं काढणाऱ्या आमच्या जमीन बचाव समितीनेही नाही.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, ती माहेरी आली आणि मग इथलीच झाली. आजोबांनी खाडीकाठच्या खारजमिनीतला एक तुकडा तिच्या नावावर केला होता. बाबा ट्रकवर, त्यामुळे कायम बाहेर. त्या तुकड्यात भात पिकवला तो आत्यानेच. खाडीचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाला मोठ्या भरतीत खांड, म्हणजे खिंडार, पडली की आमच्या गावात घरटी एक माणूस चिखल टाकायला जातो. आमच्या घरचा तो माणूस म्हणजे आत्या. गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं लुगडं, मागे घट्ट खोचलेला कासोटा, आणि तोंडात अशी भाषा की शेजारी उभं राहायला बाप्ये दबकायचे.

गेल्या वर्षी तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. वाचा लवकर परत आली. पाय काठीच्या आधाराने आला. डावा हात आला नाही. तो खांद्यापासून लोंबतो, दुसऱ्याच कुणाचा सांभाळायला ठेवलेला असावा तसा.

मग तिला गाऊन मिळाला.

गाऊनवर माझा राग नाही. आमच्या आळीतल्या निम्म्या बाया गाऊन घालून, खांद्यावर टॉवेल टाकून दुकानात जातात, त्यांनी खुशाल जावं. माझा राग आहे तो दुसऱ्याने परस्पर ठरवून टाकण्यावर. शहरातल्या कुठल्याशा ट्रस्टने तालुक्याला शिबिर घेतलं. आत्याला चादर गुंडाळून नेलं. तिला एक चाकांची खुर्ची आणि एक फुलाफुलांचा गाऊन दिला, आणि फोटो काढला. त्या फोटोत आत्या सोडून सगळे हसतायत. खुर्ची आमच्या उंबऱ्यावरून आत येत नाही, म्हणून ती अंगणात असते आणि तिच्यावर सुपात सुकट वाळते. गाऊन मात्र आत आला. "सोपं पडतं," सगळे म्हणाले. कुणाला सोपं? तो तिच्या अंगावर चढवणाऱ्या दुसऱ्या माणसाला. ज्या बाईने जन्मभर लुगड्याशिवाय अंगणात पाऊल टाकलं नाही, तिला विचारा की सोपं आहे का. तेव्हापासून आत्या उंबऱ्याबाहेर पडली नाही. दारात कोणी आलं, की ती काठी टेकत आतल्या खोलीत जाऊन बसायची.

त्यातच कंपनी आली. खाडीत मालवाहू बार्ज लावायला जेटी बांधायची, त्यासाठी काठच्या खारजमिनी हव्यात. आम्ही विरोधाला समिती काढली. समितीत सगळे काका लोक आणि मी एकटी मुलगी, म्हणजे पत्रकं लिहिणं, ती वाटणं आणि चहा सांगणं ही कामं माझी. मग जनसुनावणी लागली. तालुक्याच्या सभागृहात ज्याची जमीन जाणार त्याने यायचं आणि होय की नाही ते तोंडाने सांगायचं. आत्याचा तुकडा अगदी जेटीच्या तोंडावर.

आठवड्याभरात कंपनीचा माणूस आमच्या ओटीवर येऊन बसला. गोड बोलणारा, पाणी मागून प्यायला.

"आजींना एवढ्या लांब कशाला त्रास? आम्हीच घरी येतो. अंगठा घेतो, फोटो घेतो, झालं. तब्येत महत्त्वाची."

आतून आत्याचा आवाज आला. "अंगठा कशाला? मना सही येते."

तो हसला आणि माझ्याशीच बोलत राहिला, जणू आतून भांडं पडल्याचा आवाज आला होता. "तुम्ही घरच्यांनी समजवा. अशा अवस्थेत त्यांना कळतं तरी किती."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो गेला. आत्या गाऊन सावरत दारापर्यंत आली आणि उंबऱ्याच्या आत, सावलीत बसली.

"मी जानार सुनावनीला," ती म्हणाली. "जमीन माजी हाय. न्हाय बोलायचा ता मीच बोलनार."

"चल ना आते. हेच तर हवंय."

"पन ह्या झग्यात न्हाय."

"मग लुगडं नेसवू की आम्ही. मी आहे, आई आहे."

"आनि तिथं मुतायला लागली तर?"

आत्याने काठीचं टोक उंबऱ्यावर आपटलं.

"दिवसभर बसायचा हाय. कासोटा सोरावा लागंल. मंग परत कोन नेसवील? तू? कडी नसलेल्या मोरीत, भायेर सगल्या बाप्यांची रांग? एका हातानं मना कासोटा खोचता येत न्हाय गो. सुटला तर सुटलाच."

हे मी समितीच्या बैठकीत मांडलं. एक काका म्हणाले, "अगं, साडी नेसायला असा कितीसा वेळ लागतो?" दुसरे म्हणाले, "गाऊनवर शाल घेऊ दे. आजारी दिसली तर उलट परिणाम चांगला होईल." मी बसल्या जागी पेटले. अंगठा घ्यायचा म्हणून कंपनीला ती आजारी हवी. पेपरात फोटो यायला हवा म्हणून आम्हालाही ती आजारीच हवी. मग तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय, असं मी विचारलं, तर मला सांगण्यात आलं की मी फार भावनिक होते.

मीच मग अलिबागला जाऊन नाचाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानातून एक शिवलेली नऊवारी आणली. पायजम्यासारखी चढवायची, कमरेला इलॅस्टिक, काठाला चमकी. आत्याने ती बोटाने उचलून पाहिली.

"मी काय गनपतीत नाचाया चाललेय?"

आणि ती चढवायलाही दोन हात लागतात, उतरवायलाही. ती मी दुसऱ्या दिवशी परत केली.

हे सगळं आई चुलीपाशी तांदूळ निवडताना ऐकत होती. आई आमच्या गावची शिवणारी. आमच्यात हळदीला भावकीतल्या सगळ्या बाया एका रंगात दिसायला लागतात, ते सगळे ब्लाउज आई एकटी काढायची. मग बाजारात शिवलेले ब्लाउज टांगून मिळायला लागले आणि आईच्या मशीनवर टीव्ही बसला. पण तिची सवय गेली नाही. आमच्या घरात कापडाचं फडकं व्हायच्या आधी त्याची बटणं निघतात, फडक्याचं पोतेरं व्हायच्या आधी काठ निघतो. एकदा मी पत्रकं वाटत किहीमला गेले होते. तिथे एका बंगल्यात जुन्या बटणांच्या माळा आणि चेनची फुलं करून भिंतीवर लावली होती, वर पाटी 'टाकाऊतून टिकाऊ'. तिथल्या बाईंनी मला प्रेमाने विचारलं, तुमच्या गावात याबद्दल जागृती आहे का. जागृती. माझ्या आईने आयुष्यात एक हुक फेकलेला नाही, आणि तो भिंतीवर लावावा असंही तिला कधी वाटलेलं नाही.

आईने माळ्यावरून तिची पेटी काढली. मासळी बर्फात घालून नेतात ती थर्माकोलची पेटी, झाकणाचा कोपरा तुटलेली. आत डब्या आणि पिशव्या. फाटक्या ब्लाउजवरून पट्टीसकट कापलेले हुक, टिचबटणं, प्रवासी बॅगांच्या लांब चेन, साड्यांचे उसवलेले फॉल, दप्तरांचे पट्टे, माझ्या शाळेच्या बुटांची चरचरणारी वेल्क्रोची पट्टी. आणि एका डबीत पर्सचे चुंबक. बायकांच्या पर्सचं झाकण टक्कन लागतं ना, ते गोल चुंबक. पर्स फाटली की आई चुंबक काढून ठेवायची. ती डबी उघडली तर घरातल्या हरवलेल्या अर्ध्या सुया त्यांना चिकटलेल्या.

"वन्सं," आई आत्याला म्हणाली, "एक लुगडं द्या मला."

"कात्री लावशील?"

"लावावी लागंल."

"मंग न्हाय देत. जित्या बायचा लुगरा फारत न्हाय. मी मेल्यावर फार, गोदऱ्या कर."

जिवंत बाईचं लुगडं फाडायचं नाही, हा काही कुठल्या पोथीतला नियम नाही, आत्याचा आहे. मला वाटलं, झालं, आता इथेच अडलं. माझा तोल गेला. मी म्हणाले, आते, जमीन जाईल तुझी आणि तू कापडाला कात्री लावू देत नाहीस. तर आईच माझ्यावर ओरडली. "तिचं लुगडं हाय. तू गप बस." आणि मग म्हणाली, "ठीक, कात्री न्हाय लावत."

मशीनवरचा टीव्ही खाली उतरला. आईने लुगडं न कापता, दुमडून दुमडून बसवलं. दप्तराच्या पट्ट्यात बकरम, कॉलरच्या आत असतं ते ताठ कापड, घालून कमरेचा रुंद पट्टा केला, निऱ्या घालून त्यावर टाचल्या, नऊ वार कापड कुठे लपवलं ते तिलाच ठाऊक. धागा ओढला की सगळं उसवून परत सरळ लुगडं होईल असे टाके. पट्टा कमरेभोवती गुंडाळायचा आणि चुंबकांनी लावायचा. हुक लावायला एका हाताने कापड ताणून धरावं लागतं, टिचबटणाला खालून दाब लागतो. चुंबकाला काहीच लागत नाही, जवळ नेलं की तो स्वतः जातो.

राहिला कासोटा. तो पुढून मागे जातो आणि पाठीमागे खोचतात. पाठीमागे एक हात जाऊन काय करणार? दोन दिवस आई त्यावर अडून बसली. स्वयंपाक करताना पदर हातात धरून उगाच पुढेमागे करायची. मग तिने कासोटा उलटा केला. मागे पट्ट्यालाच शिवून टाकला आणि पायांमधून पुढे आणून टोक निऱ्यांच्या आत, पोटावर चुंबकाने लावलं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. सोडायचं तर निऱ्या बाजूला करायच्या आणि एक बोट.

पहिल्यांदा नेसवलं तेव्हा आम्ही तिघीच घरात होतो. आत्या उभी राहिली, पट्टा कमरेभोवती आला, आणि तिचा उजवा हात टोक शोधत पोटावरून इकडे तिकडे फिरायला लागला. टोक सापडेना. ते डाव्या कमरेवर, जरा पाठीकडे होतं. आईने जन्मभर परकरांची, सलवारींची फट डाव्या बाजूला काढली, हात आपोआप तिकडेच गेला. लोंबणाऱ्या हाताच्या खाली, जिथे आत्याचा उजवा हात पोचतच नाही.

आई मटकन खाली बसली. "मला कसं दिसलं न्हाय," एवढंच म्हणत राहिली.

आत्या हसायला लागली. आजारानंतर तिचं तोंड हसताना थोडं एकीकडे जातं, म्हणून ती हसणं टाळायची. त्या दिवशी टाळलं नाही. "वयनी, मेला तो ह्यो हात. त्यो दुसरा जिता हाय, त्याला काम दे."

आईने सगळं उसवलं आणि उजवीकडे बसवलं. ब्लाउजची डावी बाही काखेपर्यंत उघडून तिथे बॅगेची चेन टाकली. पुढे हुक दाखवायला ठेवले, आत वेल्क्रो. वेल्क्रो सुती कापडाचे धागे ओढायला लागलं, तर त्याच्या कडेला फॉलची पट्टी लावली. चुंबक कमी पडले तेव्हा मी आळीत फिरून जुन्या पर्सा मागितल्या. एकीने विचारलं, "समितीला पर्सा कशाला?" मी म्हणाले, "आंदोलनाला." ते खोटं नव्हतं.

मग आत्याने सराव केला. मोरीत जायची, कडी लावायची, आम्ही बाहेर. आधी आतून शिव्या यायच्या. पुढे पुढे नुसतं टक, टक ऐकू यायचं आणि ती बाहेर यायची, निऱ्या सरळ, पदर डोक्यावर. मी या मुद्द्यावर पत्रक लिहायला घेतलं होतं. 'विकासाच्या नावाखाली' अशी सुरुवात केली आणि पुढे काही सुचेना. एका बाईला स्वतःच्या हाताने लघवीला जाऊन येता येणं, याला आमच्या पत्रकांत शब्दच नव्हता.

सुनावणीच्या दिवशी मिनिडोर रिक्षा दारात बोलावली. आत्या उंबरा ओलांडून आली, तेव्हा समोरच्या ओटीवरच्या बाया माना उंच करून बघायला लागल्या. आत्या त्यांना म्हणाली, "काय बगतेव? हाय मी."

सभागृहात कंपनीचा भलामोठा फ्लेक्स, पाण्याच्या बाटल्या, पुढच्या रांगेत सोफा. साहेब लोक यायचे होते. आम्ही बसलो. ऊन चढलं, पंखे फिरत राहिले, साहेब येत नव्हते. आत्याने मला कोपराने खुणावलं.

बायांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं.

चावी कोणाकडे? शिपायाला विचारलं, तो म्हणाला ऑफिसात. ऑफिसातला म्हणाला शिपायाकडे. समितीचे काका म्हणाले, "जरा दम धरायला सांग." मी सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की लोकांचं म्हणणं ऐकायला बोलावता आणि बायांची मोरी कुलपात ठेवता, तर बाया इथेच बसतील, या फ्लेक्सच्या मागे. मागच्या रांगेतल्या बाया उठून उभ्या राहिल्या. चावी लगेच सापडली. ती शिपायाच्याच खिशात होती.

आत्या आत गेली. आतून कडी लागली. नशिबाने कडी होती. मी दाराशी उभी. माझ्या मागे बायांची रांग. मी आयुष्यात मोर्चे काढलेत, पोलिसांशी हुज्जत घातलीय, पण त्या दाराला मी चोरासारखा कान लावला. आत काही पडलं तर, काही सुटलं तर. बराच वेळ काही नाही. मग टक. मग परत टक. कडी निघाली.

आत्या बाहेर आली आणि रांगेकडे बघून म्हणाली, "पानी न्हाय आत. बादली मागा."

जागेवर येऊन बसलो आणि माईकवर कोणीतरी सांगितलं की काही तांत्रिक कारणास्तव आजची सुनावणी पुढे ढकलण्यात येत आहे, नवीन तारीख कळवली जाईल. कुठलं कारण ते सांगितलं नाही. बाया रोजंदारी बुडवून आल्या होत्या, म्हातारे एसटीने आले होते, माझी आत्या वर्षाने घराबाहेर आली होती. तांत्रिक कारण. ज्याच्या हातात तारीख असते त्याला दुसऱ्याचा दिवस फुकटचा वाटतो. तुम्हाला थकवायचं, एकेकाला घरी बसवायचं, आणि मग उरलेल्यांना विचारायचं, बाकीचे कुठे आहेत, त्यांचा विरोध नाही वाटतं.

आणि नेमका तो गोड माणूस आमच्याकडे आला.

"बघा आजी, उगाच हेलपाटा झाला. मी म्हटलं होतं. पुढच्या वेळी नका येऊ. आम्हीच घरी येतो, तिथेच काय ते करू."

मी तोंड उघडणार, तर आत्याने काठी माझ्या पायावर टेकवली.

"घरी येऊ नका," ती म्हणाली. "मी घरी नसते."

तो हसला. त्याला वाटलं म्हातारी बरळते.

बाहेर आल्यावर मी मिनिडोरवाल्याला घराकडे चल म्हटलं. आत्या म्हणाली, "घरी कशाला? बाजारातना घे." मी अजून रागाने धुमसत होते. मी म्हणाले, आते, तुला कळतंय का त्यांनी काय केलं? ती म्हणाली, "कलतंय. राग आला म्हनून काय जेवायचा न्हाय?"

मासळीबाजारात तिची ओळखीची एक म्हावरेवाली होती. आत्याला बघून तिने कपाळाला हात लावला. "आली गो बाय. आमाला वाटला..."

"काय वाटला? मेली?"

"तसा न्हाय गो. घे, ही वाकटी घे, राहू दे पैसं. काय हाल झालं तुजं."

आत्याचा चेहरा घट्ट झाला. तिने वाकटी उचलून परत टोपलीत टाकली. "फुकट देयाला मी काय भिकारी हाय? भाव सांग. आनि कालची न्हाय, आजची दाखव." मग त्या दोघी भांडल्या. आजूबाजूच्या दोघी-तिघी त्यात पडल्या, सगळ्यांच्या सात पिढ्या निघाल्या, आणि शेवटी आत्याला हव्या त्या भावात आजची वाकटी मिळाली. सुटे परत आले ते सवयीने तिने कमरेला खोचायला नेले, आणि नाणी टकाटक पट्ट्याला बाहेरूनच चिकटून बसली. म्हावरेवालीने हात तोंडावर ठेवला. "ह्यो काय जादू गो?"

"वयनीचा काम हाय," आत्या म्हणाली. आणखी काही सांगितलं नाही. नाणी तशीच चिकटवून ती बाजारभर फिरली.

सुनावणीची नवीन तारीख अजून आलेली नाही. मी विचारायला जाते, मला सांगतात की कळवू. आमच्या समितीतल्या एका काकांनी आईला सांगून पाहिलं की त्या लुगड्याचा फोटो द्या, पेपरात चांगली बातमी होईल, 'कल्पक गृहिणी' वगैरे. आई म्हणाली, बातमी जमिनीची छापा. खालच्या आळीत एका बाईचा उजवा हात असाच गेलाय, तिने निरोप पाठवलाय. आईने तिला विचारायला मलाच पाठवलं: फट कुठल्या बाजूला हवी, आणि नऊवारी लुगडं का पाचवारी पातळ. आत्या दुसरं लुगडं शिवून मागतेय, कारण एकच रोज नेसून बाहेर जाता येत नाही, लोक काय म्हणतील.

ती सकाळी चहा घेऊन निघते. बांधावर जाऊन येते, देवळात बसते, बाजाराच्या दिवशी मिनिडोर थांबवते. कंपनीचा माणूस आत्तापर्यंत दोनदा कागद घेऊन येऊन गेला. दोन्ही वेळा आत्या घरी नव्हती.